हिरवा ठिपका

२ फेब्रुवारी

ही डायरी चार्जर विकणाऱ्या कंपनीने दिली. दरवर्षी देते, आणि दरवर्षी मी तिची पानं फाडून त्यात बारीक स्क्रू गुंडाळून ठेवतो. यंदा लिहायला घेतली, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाब वाढलाय. गिऱ्हाइकांवर ओरडण्याऐवजी वहीत लिहीत जा." आज ओरडावंसं वाटलं ते मात्र गिऱ्हाइकावर नाही, भाचीच्या नवऱ्यावर.

ताईचा व्हिसा आला. माझी ताई चौसष्ट वर्षांची. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली, भावजी गेल्यापासून एकटी असते. लेक परदेशात, तिचं बाळंतपण मार्चच्या पहिल्या आठवड्यात. ताई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, तीही एकटी, आणि वाटेत एका अनोळखी शहरात विमान बदलायचं. त्यासाठी तिला धड फोन हवा. सध्याचा म्हणजे बटणांचा ठोकळा आहे. तर जावईबापूंनी तिकडून फर्मान काढलं, "आईंना एखाद्या मोठ्या दुकानातून नवा, अनलॉक केलेला, दोन सिमचा फोन घेऊन द्या."

मोठ्या दुकानातून! मग मामा इथे काय माशा मारतो? पंचवीस वर्षं मी या गल्लीत बसतो आहे. आधी घड्याळं दुरुस्त करायचो, मग मोबाइल आले. समोरचा काचवाला परवा परवा आला. त्याच्या दुकानाला काचेचं दार आहे आणि आत गारवा आहे, म्हणून ते मोठं दुकान. मी ताईला सांगून टाकलं, फोन माझ्याच दुकानातून जाईल.

४ फेब्रुवारी

बायकोने विचारलं, "अनलॉक म्हणजे नक्की काय हो?" पंचवीस वर्षांत तिने पहिल्यांदाच माझ्या धंद्यात एवढा रस घेतला, म्हणून चहा थंड होईपर्यंत समजावलं.

काही सिमकंपन्या स्वतःच हप्त्यावर फोन विकतात. तो फोन फक्त त्याच कंपनीची सिम ओळखतो. दुसरी घातली की अडून बसतो, आधी कोड टाका म्हणतो. असा फोन घेऊन परदेशी गेलं तर तिथली सिम चालत नाही. म्हणून कुठलीही सिम चालणारा, म्हणजे अनलॉक केलेला फोन घ्यायचा. ओळखायची रीत सोपी आहे. माझ्याकडे पत्र्याच्या डबीत दोन सिम असतात, एक लाल कंपनीची, एक निळ्या कंपनीची. दोन्ही आळीपाळीने घालून बघायच्या. दोन्ही चालल्या की फोनच्या पाठीवर मी एक हिरवा कागदी ठिपका चिकटवतो. या गल्लीत लोक फोनचं मॉडेल विचारत नाहीत. "ठिपका आहे ना?" एवढंच विचारतात.

बायको म्हणाली, "म्हणजे ठिपका तुमचा शब्दच झाला." मला हे वाक्य फार आवडलं.

७ फेब्रुवारी

ताई दुकानात आली. बरोबर वही. वहीत मुद्दे, एकाखाली एक, शाळेतल्या फळ्यावर लिहावेत तसे. अक्षरं मोठी दिसावीत. हातातून निसटू नये. बॅटरी दिवसभर टिकावी. गळ्यात अडकवायला दोरी लावता यावी. शेवटचा मुद्दा, दोन सिम.

मी तीन फोन काढून ठेवले. पहिला चपटा, दिसायला देखणा. तिने हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाली, "हा साबणासारखा आहे." दुसऱ्याची बॅटरी तगडी, पण गळ्यात घातला तर मान खाली जाईल. तिसरा करडा, पाठ खरखरीत, कडेला दोरीचं भोक. गेल्या वर्षी एक लॉट घेतला होता त्यातला. त्यातले दोनच उरलेत. तिने तो तळहातावर धरून बराच वेळ पाहिला.

"हा आवडला. पण याला एकच सिम आहे रे, छोट्या." मी छप्पन्नाचा आहे, पण ताईच्या हिशेबी छोट्याच.

"एकच पुरे."

"दोन सिमचा नाही तुझ्याकडे?"

"काचवाल्याकडे आहे."

"मग आण की त्याच्याकडून. मी तुझ्याच हातून घेईन."

मी म्हणालो, "ताई, दोन सिमचा फोन म्हणजे दोन बायकांचा संसार. एकीकडेही धड लक्ष नसतं." ती खळखळून हसली आणि माझ्या पाठीत चापट मारली. विषय संपला. खरं सांगायचं तर दोन सिमचा फोनच तिला सोयीचा होता. आपली सिम एका खणात, परदेशातली दुसऱ्यात, काढघालच नको. पण काचवाल्याच्या दारात जाऊन "माझ्या बहिणीसाठी एक द्या" म्हणायला माझी जीभ रेटली नसती.

८ फेब्रुवारी

करडा फोन पुसून, चार्ज करून तपासला. स्पीकर उत्तम, कॅमेरा ठीक, लाल सिम झकास चालली. निळी डबीत नव्हती. शेजारचा सलूनवाला परवा घेऊन गेला, त्याच्या फोनला रेंज नव्हती. हाक मारली तर तो कुणाची तरी दाढी करत होता. एवढ्यात ताई दोरी घेऊन दारात हजर. तिच्या मैत्रिणीही होत्या, दोघी शिक्षिका. ताई त्यांना म्हणाली, "आता बघा हं, माझा भाऊ ठिपका लावतो."

लावला.

निळी उद्या घालून बघतो. ताईची रोजची सिम लालच आहे, तेव्हा इथे काही अडायचं नाही.

१२ फेब्रुवारी

निळी परत आली. पण ताई दुसऱ्याच दिवशी फोन घेऊन गेली. तो परत मागायचा तर का मागतो ते सांगावं लागणार. तीन दिवसांत तिचे त्यावरून पन्नास माणसांना फोन करून झालेत, सगळ्यांना ठिपका दाखवून झालाय. उगाच तिच्या मनात पाल कशाला चुकचुकवायची? फोन चालतो आहेच.

बायकोने जेवताना विचारलं, "ताईंचा फोन नीट तपासलात ना?" मी म्हणालो, "तू मला धंदा शिकवू नकोस." डॉक्टरीणबाईंना हे सांगायला नको.

१५ फेब्रुवारी

ताईची शिकवणी. सिम काढायची पिन, ट्रे, सिमचा कापलेला कोपरा कुठल्या बाजूला येतो, सगळं दाखवलं. सरावाला एक मेलेली सिम दिली. फोन बंद ठेवून तिने अकरा वेळा काढली आणि अकरा वेळा घातली. प्रत्येक वेळी बरोबर. छत्तीस वर्षं मुलांना पाढे घोटून घेतले, आता स्वतःच घोटते आहे. शेवटी मी म्हणालो, "आणि कुठे अडलंच तर फोन बंद करून चालू करायचा. नव्याण्णव टक्के आजार त्यानेच जातात." तिने तेही वहीत लिहून घेतलं. खाली रेघ मारली.

२० फेब्रुवारी

जावईबापूंनी पाठवलेली प्रवासी सिम पोस्टाने आली. ही वाटेतल्या शहरातही चालते आणि तिकडेही. विमानात बसल्यावर आपली काढायची आणि ही घालायची.

ताई ती घेऊन दुकानात आली. "छोट्या, एकदा घालून बघू या का?"

"आत्ता घातलीस तर तिचे दिवस आत्तापासूनच मोजले जातील."

"असं असतं होय. बरं."

असं असतंही. पण सगळ्याच सिमचं नसतं, आणि पाकिटावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. मी ती घालू दिली नाही, कारण ती घातल्यावर काय दिसेल याची मला भीती वाटली. हे लिहिताना लक्षात आलं. नाहीतर मी स्वतःला दिवसांचंच कारण सांगत होतो.

ती निघाल्यावर हाक मारायला उठलो होतो. तेवढ्यात एक बाई फुटलेला स्क्रीन घेऊन आल्या.

२४ फेब्रुवारी

ताई गेली. विमानतळावर गळ्यात दोरी, दोरीला फोन, फोनची ठिपक्याची बाजू बाहेर. मी म्हणालो, "ताई, तो ठिपका आता काढ, बरं नाही दिसत." ती म्हणाली, "राहू दे. तू बरोबर आहेस असं वाटतं."

२५ फेब्रुवारी

सकाळपासून भाचीचे चार फोन. ताईचा फोन लागत नाही. विमान बदलण्याच्या शहरात ती उतरली, पुढच्या विमानात मात्र चढलीच नाही असं कंपनी सांगते. जावईबापू तिकडच्या विमानतळावर तिची वाट बघत उभे आहेत.

जावईबापूंनी मला विचारलं, "मामा, फोन नीट होता ना?"

मी पटकन म्हणालो, "फोन उत्तम आहे हो. तिने सिम आडवी घातली असणार."

विचार करायला वेळच घेतला नाही. बंद दुकानातून चोर निघावा तसं ते वाक्य तोंडातून निघालं.

२६ फेब्रुवारी

ताई सापडली, पोहोचली, धडधाकट आहे. आणि भाचीला मुलगी झाली. दहा दिवस आधी. दोघी सुखरूप. ही बातमी सगळ्यात वर लिहायला हवी होती.

काय झालं ते जावईबापूंनी सांगितलं. ताईने विमानात शिकवल्याप्रमाणे सिम बदलली. उतरल्यावर फोन उघडला तर पडद्यावर सूचना, कोड मागणारी. तिला वाटलं आपलंच चुकलं. परत आपली सिम घालायला गेली तर ती चिमुकली सिम विमानातच सीटच्या फटीत गेलेली. तिथल्या वायफायलाही मोबाइलवर येणारा कोड लागतो. मग ती विमानात चढायच्या दारासमोरच्या बाकावर बसून फोन बंद करत राहिली आणि चालू करत राहिली. एकोणीस वेळा. तिने मोजल्या. तेवढ्यात विमानाचं दार बदललं. त्याचा निरोप फोनवर येतो, तिला येणार कुठून? घोषणाही झाली असेल, पण ही पडद्यात डोकं घालून बसलेली. विमान गेलं. दुसऱ्या दिवशीचं मिळालं. एका भल्या बाईच्या फोनवरून तिने कळवलं, पण फार उशिरा.

इकडे जावईबापू तिच्यासाठी विमानतळावर तिष्ठत होते, आणि तिकडे भाचीला कळा सुरू झाल्या. शेजारणीने दवाखान्यात नेलं. जावई पोहोचले तेव्हा बाळ होऊन गेलं होतं. आई वाटेत, नवरा विमानतळावर, आणि पोरगी एकटी.

बंद करून चालू कर. खाली रेघ मारलेली.

२७ फेब्रुवारी

दुकान उघडलं आणि पहिल्यांदा कपाटातला त्या लॉटमधला उरलेला दुसरा करडा फोन काढला. लाल सिम घातली, चालली. निळी घातली. पडद्यावर आलं, ही सिम चालणार नाही, कोड टाका.

मी तो बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. ताईने एकोणीस वेळा पाहिलं ते मी दोनदाच पाहिलं आणि फोन खणात उलटा ठेवला.

दिवसभर दुकानात बसलो. एक माणूस आला, ठिपका बोटाने चाचपून फोन घेऊन गेला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

३ मार्च

घरच्या ग्रुपवर ताईचं नवं नाव पडलंय, "आडवी सिम". धाकट्या चुलतभावाने पाडलं. बाळाचा फोटो आला तरी खाली कुणीतरी लिहितं, "फोटो सरळ आलाय, म्हणजे आडव्या सिमने काढलेला नाही." सगळे हसतात. ताईसुद्धा हसणारा चेहरा टाकते.

मीही एकदा टाकला. न टाकता राहिलो असतो तर कुणी विचारलं असतं, तू का गप्प?

७ मार्च

ताईशी व्हिडिओवर बोललो. बाळ मांडीवर नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "तिच्या खोलीत आहे." मग स्वतःहून म्हणाली, "फोन चालायला लागला रे. इथे कोपऱ्यावर एक दुकान आहे, तिथे दाखवला."

मी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही. धूळ होती म्हणाला. साफ करून दिला."

"धूळ?"

"हो, धूळ. तू गोळी घेतोस ना वेळेवर? उगाच विचार करत बसत जाऊ नकोस. सगळ्यांच्या हातून काही ना काही राहतं."

धूळ! सुटलो. म्हणजे हिला काही कळलेलं नाही. तिकडच्या दुकानदाराने कोड टाकून लॉक काढलं असणार आणि म्हाताऱ्या बाईला काय समजावायचं म्हणून धूळ सांगितली असणार. बायकोला म्हणालो, "बघ, धूळच होती." ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "धूळ असेल तर कोड मागतो का हो फोन?" मी एकदाच समजावलं होतं, तेही चहाच्या नादात. सगळं लक्षात ठेवलंय बाईने.

११ मार्च

दुपारी जावईबापूंचा फोन आला. बिचारे मोकळे व्हायला बोलले. म्हणाले, "मामा, घरात जरा अवघड झालंय. ही आईंना बाळाला आंघोळ घालू देत नाही. बाळाला घेऊन एकटं बाहेर जाऊ देत नाही. काही झालं की म्हणते, 'तुला साधा फोन सांभाळता आला नाही.' त्या दिवशीचं तिच्या मनातून जात नाहीये. आणि आई काही बोलत नाहीत. भांडी घासतात, कपड्यांच्या घड्या घालतात."

मी म्हणालो, "काळजी करू नका, होईल ठीक."

जिच्या हाताखालून छत्तीस वर्षं पोरं लिहायला शिकून गेली, तिला स्वतःच्या नातीला आंघोळ घालायची परवानगी नाही. आणि मी म्हणतो, होईल ठीक.

मी सात वर्षांचा असताना शाळेत शाईची बाटली फोडली होती. ताईने घरी सांगितलं, तिच्या धक्क्याने फुटली. आईचा मार तिने खाल्ला. मी तेव्हाही दाराआड उभा होतो. लाज वाटते. छप्पन्नाव्या वर्षी तेच दार आणि तोच मी.

१२ मार्च

भाचीला फोन केला. हवेबद्दल बोललो. ठेवला.

१४ मार्च

पुन्हा केला. बाळाचं वजन विचारलं. ठेवला.

१५ मार्च

आज दुकानात ठिपका लावलेले एकतीस फोन होते. सगळे काउंटरवर ओळीने मांडले आणि दोन्ही सिम घालून एकेक पुन्हा तपासला. दोन अडले. म्हणजे ताईचा पहिला नव्हता. घाईत, कधी निळी जागेवर नाही म्हणून, कधी गिऱ्हाईक उभं आहे म्हणून, मी आधीही ठिपके लावले आहेत. मला आठवतही नाहीत. हे ताईच्या फोनपेक्षाही वाईट आहे.

सलूनवाला डोकावून म्हणाला, "एवढा कसला बाजार मांडलायस?" मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, बहुधा त्याला काही फरक पडत नाही म्हणून. तो वस्तरा पुसत म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? माझी बहीण आहे का ती?"

१६ मार्च

सांगितलं.

दुकान अर्धं बंद करून स्टुलावर बसलो आणि भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, आज काय विचारणार? उंची?" पोरगी हुशार आहे.

मी म्हणालो, "बाळ, मध्ये बोलू नकोस. एका दमात सांगतो." आणि सांगितलं. लाल सिम, निळी सिम, न तपासता लावलेला ठिपका, ताईला घालू न दिलेली प्रवासी सिम. आणि सगळ्यात शेवटी, सिम आडवी घातली हे मी बनवून सांगितलं तेही. "तुझ्या आईने सगळं बरोबर केलं. मी शिकवलं तसं शेवटपर्यंत केलं. तू एकटी पडलीस ती माझ्यामुळे."

ती म्हणाली, "मग आई का बोलली नाही?"

"तिला माहीत नाही गं. त्या दुकानदाराने तिला धूळ सांगितली."

"थांब." खण उघडल्याचा आवाज आला. "आई आंघोळीला गेलीय. त्या दुकानाची पावती तिच्या वहीत आहे. मी कधी उघडून बघितलीच नाही." कागद उलगडला. ती वाचू लागली. "कंपनीचं लॉक काढलं. आणि खाली आईच्या अक्षरात लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"'छोट्याला सांगायचं नाही. त्याचा रक्तदाब वाढतो.'"

भाची रडत होती की मी, ते नीट कळलं नाही. मग पलीकडे दार वाजलं आणि ताईचा आवाज आला, "कुणाचा फोन गं?" भाची फोन तसाच ठेवून गेली. लांबून ऐकू येत होतं. "आई, इकडे ये. आधी बस. आज हिला तू घाल आंघोळ." ताई म्हणाली, "अगं पण पाणी तर काढू दे."

मी फोन बंद केला नाही. पाण्याचा आवाज येईपर्यंत कानाला धरून ठेवला.

१७ मार्च

घरच्या ग्रुपवर लिहिलं. चार ओळी. फोन मी न तपासता दिला होता, सिम आडवी नव्हती, ती गोष्ट मी पसरवली, ताईची माफी मागतो. धाकट्या चुलतभावाने विचारलं, मग आता आडवी सिम कुणाला म्हणायचं? मी लिहिलं, मला.

त्यावर ताईचा हसणारा चेहरा आला. या वेळचा मला खरा वाटला.

त्या लॉटमधले आधी विकलेले फोन घेतलेल्यांना एकेकाला फोन करतो आहे. एक जण पुढच्या महिन्यात बाहेर जाणार होता. तो चिडला. ऐकून घेतलं. काचवाल्याकडे लॉक काढायची सोय आहे म्हणून त्याच्या दुकानात गेलो. आत खरंच छान गारवा आहे.

२ जून

ताई आली.

काल उतरली आणि आज सकाळी दुकानात हजर. दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती त्यांच्या मागे रांगेत उभी राहिली. मी "ताई, आत ये" म्हणालो तर म्हणाली, "नंबर येऊ दे माझा."

नंबर आला. तिने गळ्यातली दोरी काढली आणि करडा फोन काउंटरवर पालथा ठेवला. ठिपका तसाच होता, कडा काळवंडलेल्या.

मी म्हणालो, "ताई, मी..."

"ते झालं बोलून. तुझ्या भाचीने सांगितलं, ग्रुपवर वाचलं. परत परत काय?" मग शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मला हा फोन आणखी वापरायचा आहे. नातीला पुढच्या वर्षी बघायला जाणार आहे. तपासून दे."

"आता तो चालतोच आहे, तिकडच्या माणसाने..."

"माझ्यासमोर तपास."

मागे आणखी दोन माणसं येऊन थांबली होती. मी नखाने ठिपका काढायला गेलो. निघेना, चांगलाच घट्ट बसला होता. खरवडून काढला. डबी उघडली. लाल घातली. चालली. ताई म्हणाली, "एक." निळी घातली. पडद्याकडे बघायची हिंमत होईना, तर ताई काउंटरवरून वाकून बघत होती. चालली. "दोन," ताई म्हणाली.

मग तिने पर्समधून रुमालात बांधलेली एक सिम काढली. जावईबापूंनी पाठवलेली, ती प्रवासी. "हिचे दिवस कधीच संपलेत. पण लॉक आहे की नाही ते कळतं हिच्यावरही, त्या दुकानदाराने दाखवलं मला. तुझ्या डबीत असू दे. निळी कुणी नेली तर अडायला नको."

घातली. कोड मागितला नाही. "तीन," ताई म्हणाली आणि मागे सरकली. "आता लाव."

ठिपक्यांची पट्टी काढली. पहिला ठिपका वाकडा बसला. ताईने तो बघितला, अंगठ्याने दाबला, फोन गळ्यात घातला आणि मागच्या माणसाला म्हणाली, "या, तुमचा नंबर. नीट तपासून घ्या. माझा भाऊ आहे."

जुना ठिपका फेकवला नाही. या पानावर चिकटवला आहे.